एक्सपोसितो : 'सोडून दिलेलं मूल' असा अर्थ असलेलं आडनाव स्पेनमध्ये आलं कुठून?

नेटफ्लिक्सवरची 'एलिट' ही स्पॅनिश मालिका पाहिली असेल, तर कार्लाची भूमिका करणारी एस्तेर एक्सपोसितो आठवत असेल. 'ब्रेकिंग बॅड'मधला थंड डोक्याचा गस फ्रिंग साकारणाऱ्या नटाचं नाव आहे जानकार्लो एस्पोझितो. एक स्पॅनिश, दुसऱ्याचे वडील इटलीतल्या नेपल्सचे. पण दोन्ही आडनावांचं मूळ एकच, लॅटिन शब्द 'एक्सपोझितस'. अर्थ : बाहेर ठेवलेला.

बाहेर म्हणजे चर्चच्या पायरीवर, एखाद्याच्या दारात किंवा अनाथालयाच्या भिंतीत. गरिबीमुळे किंवा लग्नाआधी मूल झाल्याच्या बदनामीच्या भीतीने आई-वडील तान्ह्या बाळाला तिथे सोडून जात. स्पेनमधल्या अनेक अनाथालयांच्या भिंतीत 'तोर्नो' नावाचा फिरता पाळणा असे. बाहेरून बाळ ठेवायचं, पाळणा फिरवायचा, बाळ आत. ठेवणारा कोण, हे आतल्यांना दिसत नसे. आत गेलेलं प्रत्येक मूल जगत होतं असंही नाही. दूध पाजणाऱ्या दाया कमी आणि आजार जास्त, त्यामुळे अनेक ठिकाणी निम्म्याहून अधिक मुलं लहानपणीच दगावत.

स्पेनमध्ये माणसाला दोन आडनावं असतात, साधारणपणे एक वडिलांकडचं, एक आईकडचं. या मुलांकडे दोन्ही नव्हती. मग नोंदवहीत लिहिलं जाई 'एक्सपोसितो', आणि तेच पुढच्या पिढ्यांना चिकटे. त्यामुळे दोन एक्सपोसितो कुटुंबं एकमेकांची भाऊबंद असतीलच असं नाही. उलट, बहुतेकदा नसतातच. वंशावळ शोधणाऱ्यांचा रस्ताही अनाथालयाच्या नोंदवहीपाशी येऊन थांबतो.

सगळीकडे हेच आडनाव दिलं जात नव्हतं. कॅटलान भाषेतलं 'देउलोफेउ' म्हणजे 'देवाने घडवलेला'. फुटबॉलपटू जेरार्द देउलोफेउमुळे ते अनेकांच्या कानावर पडलं असेल. फ्लॉरेन्समध्ये 'इनोचेंती', म्हणजे निष्पाप. एक्सपोसितोच्या तुलनेत ही नावं बरीच दयाळू म्हणायची.

कारण या आडनावाबरोबर टोमणेही येत. ते इतके, की 1794 मध्ये राजा चौथा कार्लोस याला फर्मान काढावं लागलं. अशा मुलांना कायद्याच्या दृष्टीने औरस मानावं आणि त्यांना 'अनौरस' वगैरे म्हणणाऱ्याला शिक्षा व्हावी, असं त्यात होतं. पुढे 1957 च्या नागरी नोंदणी कायद्याने हे आडनाव बदलून घेण्याची खास सोय दिली.

तरीही ते पुसलं गेलं नाही. आज स्पेनमध्ये ते प्रामुख्याने दक्षिणेतल्या आंदालुसियात आणि कॅनरी बेटांवर आढळतं. स्पॅनिश वसाहतींमुळे आणि स्थलांतरामुळे ते लॅटिन अमेरिकेतही पोहोचलं. नेपल्सच्या परिसरात तर 'एस्पोझितो' हे सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांपैकी एक आहे. आपल्याकडे पाटील जितकं सहज कानावर पडतं, तितकंच ते तिथे.

अर्जेंटिनात या आडनावाने टँगो संगीताला दोन मोठी नावं दिली : गीतकार ओमेरो एक्सपोसितो आणि त्याचा संगीतकार भाऊ विर्हिलिओ. दोघांचे वडील अनाथालयात वाढलेले. त्यांनी हे आडनाव लपवलं नाही. मुलांची नावं मात्र होमर आणि व्हर्जिल या महाकवींवरून ठेवली.