दृक्प्रत्ययवादी पुष्पचित्र : रसग्रहण

दृक्प्रत्ययवादी पद्धतीने रंगवलेले फुलांचे स्थिरचित्र. दृक्प्रत्ययवाद (इम्प्रेशनिझम) हा चित्रसंप्रदाय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये घडला. त्याचे पहिले प्रदर्शन 1874 मध्ये पॅरिस येथे छायाचित्रकार नादार यांच्या जुन्या स्टुडिओत भरले, तर आठवे व शेवटचे 1886 मध्ये. क्लोद मोने व ऑग्यूस्त रन्वार यांनी पुष्पचित्रे रंगवली. एदुआर माने या प्रदर्शनांत कधीच उतरले नाहीत, पण त्यांची अखेरच्या काळातली पुष्पचित्रे याच परंपरेत पाहिली जातात. महाराष्ट्रात या प्रकाराच्या सर्वांत जवळ जाणारे काम मुंबईचे चित्रकार कृष्णाजी हौलाजी आरा (1914–85) यांचे आहे. फूल किती हुबेहूब उतरले हा अशा चित्राचा निकष नव्हे. शेजारी शेजारी लावलेल्या रंगांचे नाते किती अचूक साधले, यावर त्याची पारख करावी लागते.

मराठी प्रेक्षकाची स्थिरचित्राशी पहिली ओळख बहुधा शासकीय रेखाकला परीक्षेत होते. इंटरमिजिएटच्या स्थिरचित्रात आधी पेन्सिलीने बाह्याकार बांधायचा, मग रंग भरायचा आणि छायाप्रकाशाने गोलाई आणायची, अशी रीत असते. हात आणि नजर घडवायला ती उपयोगी आहे; मात्र तिच्या सवयीने दृक्प्रत्ययवादी चित्राकडे पाहिले तर ते कच्चे वाटते, कारण इथे बांधणीचा क्रमच उलटा आहे. आधी रेषा आणि मग रंग असे न होता रंगाच्या ठिपक्याला ठिपका भिडतो आणि त्या भेटीतून कडा तयार होते. सावलीही काळी किंवा तपकिरी नसते. रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांनी 1839 च्या ग्रंथात दाखवले होते, की शेजारच्या रंगामुळे प्रत्येक रंग डोळ्याला बदललेला दिसतो आणि विरोधी रंग एकमेकांना उजळवतात. मोने यांच्या 1881 च्या सूर्यफुलांच्या चित्रात हे तत्त्व कामाला लागलेले दिसते. मागची फिकट निळसर-जांभळी भिंत काढून टाकली, तर पाकळ्यांचा पिवळा तेवढा पेटणार नाही. म्हणून भिंत ही इथे रिकामी जागा राहत नाही. फुलांचा निम्मा उजेड तीच पुरवते.

माने यांचे वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतील स्फटिकाच्या फुलदाणीचे चित्र (सु. 1882) जेमतेम 33 × 24 सेंमी. आहे. ते जवळून पाहिले तर पाण्यातल्या देठांच्या जागी हिरव्या रंगाचे मोजके फटकारे आणि काचेच्या जागी पांढुरक्या चमका एवढेच हाती लागते. चार पावले मागे सरले की तेच फटकारे देठ, पाणी आणि काच अशा तीन वेगळ्या वस्तू होतात. जवळून आणि लांबून असे दोनदा पाहणे हा या रसग्रहणाचा गाभा आहे. रंग केवळ रंग म्हणून कुठे थांबतो आणि वस्तू कुठे सुरू होते, ते या ये-जा करण्यातूनच कळते.

अशा चित्रांवरचा पहिला आक्षेप अपुरेपणाचा. टीकाकार लुई लरवा यांनी 1874 मध्येच या चित्रांची टिंगल केली होती आणि घाईघाईत उरकलेले काम असा शेरा आजही ऐकू येतो. पण घाई विषयातच आहे. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, आणि खिडकीतल्या उजेडाला तर तेवढीही सवड नसते. पावसाळ्यात बदलापूर-चामटोली भागातला तेरडा ढगाळ प्रकाशात पाहावा आणि ऊन पडल्यावर पुन्हा पाहावा. फूल तेच असले तरी गुलाबी तोच राहत नाही. असा क्षण पकडायचा तर फटकारा झटपटच हवा. त्यात चुकीला लपायलाही जागा नसते. तासून घोटलेल्या चित्रात चुकलेली छटा वरून सारवता येते. इथे ती उघडी पडते. अर्थात, वेगाने काढलेले प्रत्येक चित्र त्यामुळे चांगले ठरत नाही. फटकारा शेजारच्या छटेशी जुळला नाही, तर तो निव्वळ निष्काळजीपणा होय.

दुसरा आक्षेप असा, की फुलांची चित्रे म्हणजे दिवाणखान्याची शोभा. फ्रेंच अकादमीच्या उतरंडीतही ऐतिहासिक चित्र सर्वांत वर आणि स्थिरचित्र तळाशी होते. या प्रकाराच्या पथ्यावर पडले ते नेमके हेच. सांगायला कथा नाही, राखायला कोणाच्या चेहऱ्याचे साम्य नाही, त्यामुळे चित्रकाराला रंगांचे प्रयोग मोकळेपणाने करता आले. आजारपणाने थकलेल्या माने यांनी अखेरच्या दिवसांत लहान कॅनव्हासवर फुलेच रंगवली. त्यांतला नेमकेपणा पाहिला, की विषयाच्या लहानपणावरून चित्र लहान ठरवता येत नाही.

तिसरा आक्षेप अधिक बिनतोड दिसतो: आरा हे दृक्प्रत्ययवादी नव्हतेच, मग रंगांच्या नात्याचा हा निकष त्यांना का लावावा? ते 1947 मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे संस्थापक सदस्य. त्यांचे ठसठशीत आकार सेझान व मातीस यांच्याकडे झुकतात, हे खरेच आहे. सिकंदराबादजवळच्या बोलारमहून मुंबईत आलेल्या आरांनी मोटारी धुण्याचे काम केले. समीक्षक रूडी फॉन लायडन यांनी त्यांना उत्तेजन दिले आणि 1942 मध्ये त्यांचे पहिले एकल प्रदर्शन भरले. जलरंगही ते तैलरंगासारखे दाट लावत. त्यांच्या फुलदाण्यांत क्षणाचा उजेड टिपण्याची धडपड कमी आणि रंगाच्या वजनाची ओढ जास्त आहे. मात्र फुलाची जात ओळखू न येताही गुच्छ जिवंत वाटतो, तो लाल-हिरव्याच्या जुळणीवर. ती जुळणी दृक्प्रत्ययवादाने मोकळ्या केलेल्या रंगातूनच आली आहे. म्हणजे निकष संप्रदायाच्या नावाशी बांधलेला नाही. जिथे चित्र रंगांच्या नात्यावर उभे आहे, तिथे तो लागू पडतो. वनस्पतिशास्त्रीय चित्राला मात्र तो लावू नये; तिथे पाकळ्या मोजाव्याच लागतात.