वऱ्हाडातले सुटलेले शिक्षण आणि त्याच्या खर्चाची सोय

वऱ्हाडात कॉलेज आले तेच उशिरा. 1853 मध्ये हा मुलूख निजामाकडून कंपनी सरकारच्या ताब्यात गेला, 1860 च्या दशकात रेल्वे आली, कापसाच्या बाजाराने अकोला आणि अमरावती ही शहरे वाढली. पण अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज निघायला 1923 साल उजाडले. तोवर मॅट्रिक झालेल्या मुलाला नागपूर, पुणे नाहीतर मुंबई गाठावी लागे. फीचे पैसे एकवेळ जमत. खोलीभाडे आणि खानावळीचे बिल मात्र दर महिन्याला द्यावे लागे आणि नापिकीच्या वर्षी शिक्षण तिथेच सुटे. सुटलेले शिक्षण संसार सुरू झाल्यावर पुन्हा धरणाऱ्याला घरचा पैसा, नातेवाइकांची उसनवारी किंवा सावकार, एवढेच मार्ग होते.

सुस्थितीतल्या शेतकऱ्यालाही हा खर्च पेलत नसे. पापळ गावचे पंजाबराव देशमुख 1920 मध्ये विलायतेला गेले, त्यासाठी वडील शामराव यांना जमीन गहाण टाकावी लागली. बॅरिस्टर होऊन परतल्यावर पंजाबरावांनी अमरावतीत सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढले. शेतकऱ्याच्या मुलाची खरी अडचण राहण्या-जेवण्याची आहे, हे त्यांनी अचूक ओळखले होते. 1932 मध्ये त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली; अकोल्याचे श्री शिवाजी महाविद्यालय याच संस्थेने 1954 मध्ये सुरू केले. मध्य प्रांताचे मंत्री असताना त्यांनी देवस्थानांची संपत्ती शिक्षणासारख्या लोकोपयोगी कामांकडे वळवणारे विधेयकही मांडले होते. ते संमत झाले असते, तर वऱ्हाडातल्या शिक्षणाला स्वतःचा कायमचा निधी मिळू शकला असता.

मोठ्या वयात शिकण्याचे उदाहरण त्यांच्या घरातच होते. पत्नी विमलाबाई लग्नानंतर बी. ए., एलएल. बी. झाल्या आणि पुढे राज्यसभेवर गेल्या. त्यांना घरचा पाठिंबा होता. ज्यांना तो नव्हता, अशा विवाहित बायकांना त्या काळी वसतिगृह किंवा शिष्यवृत्ती क्वचितच मिळे.

केंद्र सरकारच्या मदतीची सुरुवात 1944 मध्ये अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीने झाली. 1956 मध्ये वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात आला, त्यामुळे 1959 ची ई. बी. सी. (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) फी सवलत इथल्या विद्यार्थ्यांनाही मिळाली. अनुसूचित जातींतल्या अनेकांनी बौद्ध धर्म स्वीकारल्यावर या नवबौद्धांच्या सवलतींचा प्रश्न उभा राहिला, तो राज्यापुरता 1960 मध्ये सुटला. वऱ्हाडात बौद्ध समाज मोठा असल्याने या निर्णयाचे मोल इथे फार होते.

मात्र या सगळ्या योजनांच्या नजरेसमोर विद्यार्थी होता तो नुकताच मॅट्रिक झालेला, बापाच्या मिळकतीवर शिकणारा. उत्पन्नाचा दाखला पालकाचा, सही पालकाची. त्यातल्या त्यात मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीने प्रौढांचा थोडा विचार केला. नोकरी न करणाऱ्या विवाहित स्त्रीच्या बाबतीत नवऱ्याचे उत्पन्न धरले जाई आणि पत्राद्वारे शिकणाऱ्यांना अभ्यासक्रमाची फी परत मिळे, शिवाय पुस्तकांसाठी वर्षाला ठरावीक रक्कम मिळे. दिवसभर काम करून रात्री अभ्यासाला बसणाऱ्याला ही तरतूद खरोखर उपयोगाची होती.

मोठा बदल झाला तो 1989 मध्ये, नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाल्यावर. बारावी न झालेल्यालाही पूर्वतयारी अभ्यासक्रम करून पदवीला बसता येऊ लागले. विद्यापीठाचे विभागीय केंद्र अमरावतीला झाले, अभ्यासकेंद्रे गावोगावच्या महाविद्यालयांत निघाली. शेतमजूर, अंगणवाडी सेविका, दुकानात काम करणारा माणूस यांना घर न सोडता पदवी घेता येऊ लागली. पूर्वी वसतिगृहाशिवाय भागत नसे, तो खर्चच इथे उरला नाही.

फीचा प्रश्न तरीही राहिला. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती दूरशिक्षणाला लागू नाही, आणि अभ्यासक्रमात दोन वर्षांचा खंड पडला तर लाभ थांबतो. पंजाबरावांच्या नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठी मुख्यतः आहे. तिच्या सुरुवातीच्या नियमांत मोठ्या शहरांत वर्षाला 30,000 रुपये आणि इतरत्र 20,000 रुपये ठरले होते. अर्जाला पालकांचा अल्पभूधारक किंवा नोंदणीकृत मजूर असल्याचा दाखला लागतो. चाळिशीतल्या अर्जदाराच्या हाती असा दाखला असेल तर तो स्वतःचाच, आणि योजनेत त्याला जागा नाही. ही उणीव छोटी नाही, कारण वऱ्हाडात शिक्षण सुटते ते मुख्यत्वे याच घरांत.

बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना 2001 मध्ये आली. 4 लाख रुपयांपर्यंत तारण लागत नाही, आणि विवाहित अर्जदाराला जोडीदार किंवा सासू-सासरे सहकर्जदार म्हणून चालतात. पण हे कर्ज मुख्यतः पूर्णवेळ अभ्यासक्रमांसाठी आहे. मुक्त विद्यापीठाची काही हजारांची फी भरायला बँकेत कोणी जात नाही; बायका बचत गटाचे अंतर्गत कर्ज घेतात, पुरुष मजुरीतून बाजूला काढतात. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर योजनेतून फी परत मिळते, पण ती आधी स्वतः भरावी लागली तर रक्कम खात्यात येईपर्यंतचे महिने घरखर्चातून काढावे लागतात.