विळ्याची धार : दातेरी आणि सपाट

कापणीच्या हत्याराला दाते असावेत की धार सपाट असावी, हा प्रश्न शेतीइतकाच जुना आहे. सुमारे 12,000 वर्षांपूर्वी पश्चिम आशियातील नाटुफियन लोक हाडाच्या मुठीत गारगोटीची पाती ओळीने बसवून रानटी धान्य कापत. दक्षिण मेसोपोटेमियात दगड दुर्मिळ होता; तिथे उबैद या प्राचीन संस्कृतीच्या काळात भाजलेल्या मातीचे विळे वापरात आले.

लोखंड आल्यावर दोन वाटा स्पष्ट झाल्या. इंग्लंडमध्ये दातेरी विळ्याने मूठभर ताटे धरून, विळा ओढून पीक कापत, तर सपाट धारेच्या, आकड्यासारख्या वाकड्या हत्याराने घाव घालत. ओढून कापताना दाते गुळगुळीत काडी निसटू देत नाहीत. त्यांना वरचेवर धार लावावी लागत नाही. मात्र झिजल्यावर ते नव्याने पाडावे लागतात. सपाट धार लवकर बोथट होते, पण दगडावर घासली की शेतातच पुन्हा तयार होते.

महाराष्ट्रातही हीच विभागणी दिसते : भातकापणीला दातेरी विळा चालतो, तर ऊसतोडीला सपाट धारेचा कोयता.