बोटभर मासळीची साक्ष

बाजारात मासळी घेताना आपण ती उचलून पाहतो. ताजी आहे का, अंगाने भरलेली आहे का, हे आपली बोटेच सांगतात. शास्त्रज्ञही तेच करतात. फक्त तराजू आणि मोजपट्टी घेऊन. आज अशाच एका बोटभर मासळीची हकिकत सांगतो. ती आहे आफ्रिकेतली. पण धरणे बांधणाऱ्या प्रत्येक मुलखाने ध्यानात घ्यावी अशी.

झांबेझी नदी करिबा येथे १९५८ च्या डिसेंबरात अडवली गेली. १९६३ पर्यंत तेथे पाच हजार चौरस किलोमीटरांहून मोठे सरोवर भरले. आज त्याच्या एका काठाला झांबिया, दुसऱ्या काठाला झिंबाब्वे. त्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या सुमारे ५७ हजार तोंगा लोकांना घरदार, शेती सोडून उठावे लागले.

सरोवर झाले खरे. पण त्याचा मधला भाग ओसाडच राहिला. नदीतले मासे काठाकाठाने राहणारे. खोल, उघड्या पाण्यात जगण्याची त्यांना सवय नव्हती. तेथे तर डोळ्यांना जेमतेम दिसणारे असंख्य जीव तरंगत होते. त्यांना प्राणिप्लवक म्हणतात. ताट वाढलेले, पण जेवणारा कोणी नाही, अशी स्थिती! मग १९६७ आणि १९६८ साली टांगानिका सरोवरातून एका लहान माशाची पिल्ले विमानाने आणून येथे सोडली. हीच कपेंटा. आपल्या कोकणातल्या तारलीच्या जातकुळीतली. मात्र गोड्या पाण्यात राहणारी.

दोन-तीन वर्षांत ती सरोवरभर पसरली. १९७० नंतरच्या दशकात तिची व्यापारी मासेमारी सुरू झाली. अंधाऱ्या रात्री होडीवर दिवे लावायचे, उजेडाला थवे जमले की जाळे वर ओढायचे. मासळी मीठ लावून उन्हात वाळवतात, अगदी आपल्या सुकटीसारखी. मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीबरोबर ती लाखो गरिबांच्या ताटात गेली. काही मासे तर धरणातून खाली वाहत जाऊन मोझांबिकमधल्या काहोरा बासा सरोवरातही नांदू लागले.

पण एक गोष्ट तज्ज्ञांना खटकली. टांगानिकात ही मासळी सतरा सेंटिमीटरपर्यंत वाढते. करिबात ती बहुधा सहा-सात सेंटिमीटरांपुढे जाईना. असे का व्हावे?

उत्तर शोधायला त्यांनी तिचे पोट फाडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. आत बहुतेक सारे प्राणिप्लवकच. त्यातही बारीक जातीचे. मोठे, पोटभरीचे जीव कपेंटानेच खाऊन विरळ करून टाकले होते. शिवाय करिबाचे पाणी खताच्या दृष्टीने हलके. पुराबरोबर गाळ आला, तर सूक्ष्म वनस्पती वाढतात. त्या खाऊन प्लवक वाढते, आणि प्लवकावर कपेंटा. सुरुवातीच्या वर्षांत असे दिसून आले, की नद्यांना पाणी चांगले तर मासळीही चांगली. पाऊस रुसला की जाळे हलके. त्यात वाघमाशासारखा दांडगा शिकारी मागे लागलेला आणि माणसाचे जाळेही. फार दिवस जगण्याची खात्री नाही, म्हणून ती लहानपणीच अंडी घालू लागते.

पण थांबा, लहान म्हणजे कृश नव्हे बरं का! येथे स्कॉटलंडमधल्या फुल्टन या मत्स्यशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे गणित उपयोगी पडते. मासा लांबीने दुप्पट झाला आणि आकार तोच राहिला, तर वजन आठपट होते. म्हणून ग्रॅममधल्या वजनाला सेंटिमीटरमधल्या लांबीच्या घनाने भागायचे आणि शंभराने गुणायचे. दहा सेंटिमीटरचा मासा दहा ग्रॅमचा असेल तर उत्तर एक. आठ ग्रॅमचा असेल तर शून्य पूर्णांक आठ. एकाच जातीच्या, साधारण सारख्या लांबीच्या माशांत ज्याचा आकडा मोठा, तो अंगाने भरलेला. शिक्षकबंधूंनो, गावच्या तळ्यातली एकाच जातीची दहा मासळी घेऊन पावसाळ्यापूर्वी आणि नंतर हे गणित वर्गात करून पाहा. घनाचा धडा मुले विसरणार नाहीत.

आता शेवटची गोष्ट. दिव्यांच्या होड्या, इंजिने, जाळी यांना भांडवल लागते. जमीन गमावलेल्या तोंगा लोकांजवळ ते कोठून असणार? त्यामुळे या धंद्यातला मोठा वाटा बाहेरून आलेल्या पैसेवाल्यांकडे गेला. पुढे होड्या वाढल्या, दुष्काळ आले. २०२२ च्या नोव्हेंबरात विजेसाठी वापरता येण्याजोगा साठा पाच टक्क्यांच्याही खाली उतरला होता.

सरोवराला काय मिळाले आणि काय मिळाले नाही, हे कपेंटाच्या अंगावरून कळते. पण धरणाचा हिशेब तेवढ्यावर पुरा होत नाही. ज्यांची शेते पाण्याखाली गेली, त्यांच्या मुलांच्या अंगावर मांस चढले का, हेही पाहावे लागते. आपल्या गावाजवळच्या धरणाकडे पाहताना हे दोन्ही प्रश्न मनात ठेवा, एवढीच विनंती.