आठ आण्यांचा हक्क

आमच्या शाळेत दौंडहून एक बाई शिकवायला येतात. गेल्या वर्षी त्यांनी बाळंतपणाच्या रजेचा अर्ज दिला, तेव्हा कोणीसे हसत म्हणाले, “चैन आहे बुवा! घरी बसून पगार!” बाई गप्प राहिल्या. मीही गप्पच राहिलो, कारण उत्तर ठाऊक नव्हते. ते पुढे वाचून मिळाले.

त्या उत्तराचा एक धागा आमच्या शिरूर तालुक्यातून जातो. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच तालुक्यातील कोरेगाव भीमा येथे आले होते. ती भेट साऱ्यांना ठाऊक आहे. परंतु पुढच्याच वर्षी, २८ जुलै १९२८ रोजी, त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतल्या बायांच्या प्रसूतिभत्त्याची बाजू मांडली, हे किती जणांना माहीत असेल? बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, म्हणून खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा. पण बाईच्या श्रमावर नफा मिळवणाऱ्या मालकालाही हात झटकता येणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे. १९२९ साली कायदा झाला आणि मुंबईच्या गिरणीतल्या बाळंतिणीला मालकाकडून रोज आठ आणे मिळण्याचा हक्क आला. दान नव्हे, हक्क!

पुढची वाट मात्र सरळ नव्हती. १९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. महायुद्धात कोळसा कमी पडला, आणि १९४३ साली स्त्रियांना खाणीच्या पोटात उतरवण्यावरची बंदी सरकारने उठवली. त्यावर मोठा गहजब झाला. त्या निर्णयाचे समर्थन बाबासाहेबांनाच करावे लागले. बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, हे त्यांनी सभागृहात आवर्जून सांगितले. समान कामाला समान दाम हे तत्त्व मोलाचे खरेच. पण ते मिळाले जमिनीखालच्या काळोखात, हा सल उरतोच. १९४६ साली ती बंदी पुन्हा लागू झाली.

१९६१ साली साऱ्या देशासाठी प्रसूती लाभ कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची झाली.

आमच्या बाई यंदा पुन्हा फळ्यापुढे उभ्या आहेत. त्यांना ‘चैन’ म्हणणाऱ्या त्या गृहस्थांना आता मी एवढेच सांगतो, की ही रजा कोणी मेहेरबानीने दिलेली नाही.

पण वाचकहो, फराळाचे डबे रिकामे होता होता आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतील. त्यांतली एखादी दिवस भरत आलेली बाई कोयता घेऊन फडात उभी असेल. तिला सव्वीस आठवडे तर राहोच, एका दिवसाच्या खाड्याचीही धास्ती असते. १९२८ सालचा तो युक्तिवाद तिच्यासाठी अजून जिंकायचा आहे.