इंजिन बदलले, रूळ तेच: माथेरानची गाडी आणि ग्राफिक्स ड्रायव्हर

१/ ग्राफिक्स कार्डाचा ब्रँड बदलला की कधी पडदा काळा पडतो, कधी गेम मध्येच बंद होतो. दोष नव्या कार्डाला दिला जातो. बहुधा बिघाड असतो तो यंत्र आणि व्यवस्था यांना जोडणाऱ्या दुव्यात. त्या दुव्याचा हा इतिहास, आरंभ नेरळपासून.

२/ आदमजी पीरभॉय कुटुंबाने उभारलेली नेरळ-माथेरान रेल्वे १९०७ साली सुरू झाली. मार्ग दोन फुटी, सुमारे २० किलोमीटरचा आणि अतिशय तीव्र वळणांचा. ताठ आसांच्या इंजिनाचा तेथे निभाव लागणे कठीण. म्हणून ओरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कंपनीच्या वाफेच्या इंजिनांना वळणानुसार सरकणारे क्लिन-लिंडनर पद्धतीचे आस दिलेले होते.

३/ १९५०च्या दशकात युंग या दुसऱ्या जर्मन कंपनीची डिझेल इंजिने आली. रूळ तेच राहिले. वळणांशी जुळवून घेणे हे नव्या इंजिनाचे काम झाले. वाफेची इंजिने पुढे निवृत्त झाली, तरी ती जेथे पाणी भरून घेत त्या स्थानकाचे ‘वॉटर पाइप’ हे नाव टिकले. रेल्वेत अशी जुनी खूण निरुपद्रवी असते. संगणकात ती नडू शकते.

४/ संगणकात रूळ म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, इंजिन म्हणजे कार्ड आणि सरकता आस म्हणजे ड्रायव्हर. १९९६ साली थ्रीडीएफएक्सचे व्हूडू कार्ड आले. केवळ त्याच्या ‘ग्लाइड’ प्रणालीसाठी लिहिलेले गेम इतर कार्डांवर थेट चालत नसत. पुढे मायक्रोसॉफ्टचे डायरेक्टथ्रीडी हे सामाईक माध्यम रुजले. त्याच्याशी जुळणारा ड्रायव्हर मात्र प्रत्येक कंपनी आपापला लिहिते.

५/ विंडोज व्हिस्टाने ड्रायव्हरची रचनाच बदलली. न्यायालयात उघड झालेल्या मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांनुसार, २००७मधील नोंदलेल्या व्हिस्टा क्रॅशपैकी सुमारे २९ टक्के एन्व्हिडियाच्या ड्रायव्हरशी निगडित होते. व्हिस्टाच्या नव्या रचनेत दोन ब्रँडांचे ड्रायव्हर एकत्र नांदत नसत. ती मुभा विंडोज ७ने २००९ साली दिली.

६/ आता उपाय. नव्या कार्डाचा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा. बिटलॉकर असल्यास रिकव्हरी की जवळ ठेवा. जुना ड्रायव्हर अनइन्स्टॉल करा, संगणक बंद करून कार्ड बदला, मग नवा ड्रायव्हर बसवा. तरीही अडचण राहिली, तर इंटरनेट तोडून सेफ मोडमध्ये ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ने जुने अवशेष काढा आणि ड्रायव्हर पुन्हा बसवा.

७/ पडदा काळाच असेल, तर मॉनिटरची केबल मदरबोर्डऐवजी कार्डालाच जोडली आहे ना, आणि कार्डाची पॉवर केबल नीट बसली आहे ना, हे पाहा. अनेक महिन्यांच्या बचतीतून घेतलेले कार्ड सदोष ठरवून परत करण्यापूर्वी एवढी तपासणी अवश्य करावी.