अंधारातली चांदमारी

पोलिसांच्या नेमबाजीच्या सरावाला आपल्याकडे चांदमारी म्हणतात. नावात चांद आहे खरा, पण ती व्हावयाची बहुधा उन्हात! पाठीमागे मातीचा उंच बांध, समोर ठरलेल्या अंतरावर निशाण, पालथा पडलेला शिपाई आणि त्याच्या डोक्याशी उभा राहून ओरडणारा उस्ताद. ते निशाण पळत नाही, उलट गोळी झाडीत नाही आणि मुख्य म्हणजे ते कोण आहे, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. रात्री बारानंतर रस्त्यावर उभ्या असलेल्या शिपायापुढे पहिला प्रश्न नेमका तोच असतो.

हा प्रश्न मला पुस्तकातून कळला नाही. आमच्या किन्हीराजाकडे पीक हाताशी आले की रानडुकरांपायी जागलीला जावे लागते. लहानपणी मी एका नातलगाबरोबर जात असे. त्यांच्याजवळ परवान्याची भरमार बंदूक होती. एका रात्री तुरीत खसफस झाली. बॅटरीच्या उजेडात काहीतरी काळसर हलले. बंदूक खांद्याला लागली, पण बोट चापाबाहेर होते. त्यांनी आधी हाक दिली, ‘‘कोन हाय रे?’’ उत्तर आले ते घोंगडी पांघरून, चुकलेले वासरू शोधत आलेल्या शेजारच्या पोराचे. त्यानंतर मचाणावर कोणी बोलले नाही. त्यांचे हात मात्र बराच वेळ कापत होते.

डोळ्याचे शास्त्र या भीतीला दुजोरा देते. उजेडातून एकदम काळोखात गेल्यावर डोळा पुरता सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. रंग आणि बारकावे दाखविणाऱ्या शंकुपेशी तेथे निकामी ठरतात. काम चालते ते दंडपेशींवर, आणि डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मध्यावर त्या नसतात. म्हणून काळोखात ज्या वस्तूकडे रोखून पाहावे तीच नाहीशी होते. किंचित बाजूला पाहिले की दिसते. बंदुकीची माशी दिसत नाही. गोळी सुटली की स्वतःच्याच नळीच्या तोंडचा जाळ डोळे दिपवितो. अशा वेळी समोरच्या माणसाच्या हातातला मोबाईलही पिस्तूल वाटू लागतो.

ही अडचण ओळखून शिक्षणच बदलणाऱ्यांत शांघायच्या म्युनिसिपल पोलीस दलाचे नाव घ्यावे लागते. त्या दलात आपल्या पंजाबातले पुष्कळ शीख शिपाई होते. तेथील अधिकारी फेअरबेर्न आणि त्याचा सहकारी साईक्स यांनी १९४२ साली आपले अनुभव पुस्तकरूपाने मांडले. चकमकी बोळांत आणि जिन्यांवर, चार पावलांवरून, अपुऱ्या उजेडात होतात; मग सराव तरी मैदानात का करावयाचा, हा त्यांचा रोख. म्हणून त्यांनी अंधुक उजेडाचे घर सरावासाठी वापरले. आत काय पुढे येईल, हे शिपायाला ठाऊक नसे.

आता मुंबईची ती रात्र. २६ नोव्हेंबर २००८. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर ए. के. ४७ समोर पोलिसांच्या हाती लाठ्या आणि जुन्या .३०३ रायफली होत्या. मध्यरात्रीच्या सुमारास कामा रुग्णालयालगतच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर मारेकऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडले. पुढे गिरगाव चौपाटीवर नाकाबंदीपाशी एक स्कोडा गाडी येऊन थांबली. पोलिसांनी ओरडून सांगितले, समोरचे दिवे बंद करा, आतला दिवा लावा. आतल्याने उलटेच केले. दिवे आणखी प्रखर केले, काचेवर पाणी सोडून वायपर चालू केले. म्हणजे पोलिसांचे डोळे दिपले आणि काचेआडचे काही दिसेना. त्या क्षणी उजेड हेच हत्यार होते आणि ते शत्रूच्या हातात होते.

गाडी वळविताना दुभाजकावर आदळली. इस्माईल खान पोलिसांच्या गोळीने मेला. दुसऱ्या दाराशी सहायक फौजदार तुकाराम ओंबळे पोहोचले. त्यांच्याजवळ लाठी होती. त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरली आणि गोळ्या अंगावर घेऊनही सोडली नाही. गाडीच्या दोन्ही अंगांना आपलीच माणसे. अशा घोळक्यात झाडलेली गोळी कोणाला लागेल, याचा नेम नसतो. कसाब जिवंत सापडला. खटला चालून २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात त्याला फाशी झाली. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. आम्ही त्यांच्या धैर्याचे धडे शाळेत सांगतो आणि ते सांगावेतच. पण त्यांच्या हातात त्या रात्री काय होते, हेही पोरांना सांगितले पाहिजे.

रात्रीच्या शिक्षणात काय शिकवावयाचे? निम्मे तर गोळी न झाडण्याचेच. लक्ष्य ओळखून निर्णय होईपर्यंत बोट चापाबाहेर. बॅटरी एकसारखी पेटती ठेवावयाची नाही, कारण ती आपलाच ठावठिकाणा सांगते. क्षणभर लावावी, पाहावे, विझवावी आणि जागा बदलावी. आपला सोबती कोठे उभा आहे, हे हाकेने ठाऊक करून घ्यावे. हे सारे वहीत लिहून येत नाही. काळोखात, पुन्हा पुन्हा, आधी रिकाम्या बंदुकीने करावे लागते. आणि सरावाला पुढे काडतुसेही लागतात.

मालेगावहून रात्री परतताना कधी नाकाबंदी लागते. शिपाई काचेवर टकटक करून म्हणतो, आतला दिवा लावा. जीपमधले लोक कुरकुरतात, झोपमोड होते म्हणून. मी तो दिवा हल्ली गाडी थांबण्याआधीच लावावयास सांगतो आणि हात मांडीवर उघडे ठेवतो.